मागच्या डब्यातले आबा

आबांना गाडीत बसवलं की पहिलं स्टेशन यायच्या आत ते निवळायचे. सकाळपासूनची कटकट, बटणं कुणी उलटी लावली, चष्मा कुणी पळवला, हे घर कुणाचं, सगळं मागे फलाटावर राहून जायचं.

"कुठे निघालोय आपण?" ते विचारायचे.

"फिरायला," त्यांची मुलगी म्हणायची.

"वा! आणि परत कधी?"

"बघू. घाई आहे का?"

"मला कसली आलीय घाई," असं म्हणत आबा खिडकीला नाक लावायचे, आणि ती मधलं दार लोटून पलीकडच्या केबिनमध्ये जायची. गाडी चालवायला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर तीच होती.

गाडी साधीच. शहराच्या मोठ्या स्टेशनातून निघायची, उपनगरांच्या टोकापर्यंत जायची आणि आल्या वाटेनं परत यायची. वाटेत जे स्टेशन येईल तिथे थांबायची. ड्रायव्हरांच्या खोलीत तिला सगळे गोगलगाय म्हणत. गाडीला म्हणत की बाईला, हे त्यांचं त्यांनाच नक्की माहीत नव्हतं. तिच्या मागून आलेली पोरं जलद गाड्यांवर गेली, कॉलर ताठ करून हिंडायला लागली. तिलाही विचारलं होतं. ती नको म्हणाली.

"घाबरतेस होय वेगाला?" एकानं डिवचलं होतं.

"हो रे बाबा," ती म्हणाली होती, "मला चक्कर येते."

चक्कर कसली येतेय. जलद गाडीत आबांना बसायला जागा मिळाली नसती, एवढंच कारण होतं. तिथे माणसावर माणूस असायचा. गोगलगायीत मात्र गर्दीची वेळ टळली की डबेच्या डबे रिकामे पडायचे. उन्हाचे चौकोन बाकांवरून सरकत राहायचे आणि त्या चौकोनांबरोबर आबासुद्धा या बाकावरून त्या बाकावर.

आबा याच मार्गावर गार्ड होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शेवटच्या डब्यात घालवली, सगळं जग त्यांनी मागे जाताना पाहिलं. आई गेल्यावर त्यांच्या हातून एकेक गोष्ट सुटायला लागली. आधी किल्ल्या सुटल्या, मग शेजाऱ्यांचे चेहरे, आणि एका दुपारी जेवता जेवता त्यांनी तिच्याकडे बघून फार अदबीनं विचारलं, "बाई, आपण कुणाकडे आलात?" तिनं पोळी वाढली आणि म्हणाली, "तुमच्याकडेच." दुसरं काय म्हणणार? मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि मग काय रडायचं ते रडून घेतलं.

नाव विसरले, वार विसरले, पण ड्यूटी विसरले नाहीत. तिची पाठ फिरली की आबा बूट घालून घराबाहेर. एकदा रुळांच्या कडेनं चालताना सापडले, एकदा कुठल्यातरी शाळेच्या दारात. तिनं सांभाळायला बाई ठेवून पाहिली. आबांनी तिच्याकडे तिकीट मागितलं, ते नाही म्हटल्यावर तिला जिन्यात उतरवलं आणि आतून कडी घातली. मग म्हाताऱ्यांना दिवसभर ठेवून घेणाऱ्या एका घरात पाठवलं. तिथे त्यांनी सगळ्यांच्या खुर्च्या ओळीनं लावल्या, सगळ्यांना बसवलं आणि दारापासून लांब राहायचा असा काही दम भरला की एक आजी संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. तिथल्या बाईंचा फोन आला. "तुमचे वडील फार गोड आहेत हो," त्या म्हणाल्या, "पण उद्यापासून नका पाठवू."

तेव्हा तिनं त्यांना गाडीत आणलं. निवृत्त माणसाचा पास त्यांच्याकडे होताच. पण केबिनच्या लगेच मागच्या बाकावर दिवसभर बसायचं, ड्रायव्हरनं स्टेशनागणिक मागे वळून बघायचं, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. टोकाच्या स्टेशनावरची चहावाली खिडकीतून कप आत द्यायची, वर बिस्कीट. तिकीट तपासनीस तोंड भरून हसत विचारायचा, "काय आबा, तिकीट?" आबा छाती पुढे काढून म्हणायचे, "स्टाफ!" तो सलाम ठोकून पुढे जायचा. हे रोज व्हायचं आणि रोज दोघांनाही नवं वाटायचं, आबांना खरोखरच.

टोकाला पोचलं की गाडीची दिशा फिरायची. ती आपली पिशवी उचलून फलाटभर चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जायची. मघाचा पहिला डबा आता शेवटचा व्हायचा. सुरुवातीला तिनं आबांनाही उठवून बरोबर नेऊन पाहिलं. आबा हलेनात.

"गार्डाची जागा मागे," ते म्हणाले. "पुढे ड्रायव्हर बघेल."

म्हणून जाताना आबा तिचे आणि येताना वाघोबाचे. वाघोबा म्हणजे तिच्या गाडीचा गार्ड. अंगानं चांगला आडवातिडवा, मिशा अशा की लहान मुलं आईमागे लपावीत. आणि फलाटावरचं मांजर आडवं आलं की हा बाकावर चढायचा. तो आपल्या केबिनचं मधलं दार उघडंच ठेवायचा, म्हणजे आबांवर डोळा राहायचा.

"ताई, तुझे वडील मला रोज शिव्या घालतात," तो तक्रार करायचा.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, फलाटाकडे बघ, मिशा काय कुरवाळतोस. बरं, माझ्या सख्ख्या बापानं कधी इतकं लक्ष दिलं नाही माझ्याकडे."

असे दिवस चालले होते. दिवस म्हणजे काय, एकच लांबलचक दुपार होती ती. रंगाच्या कारखान्याची भिंत, मग तळं, मग दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी, मग शाळेचं मैदान, आणि पुन्हा चादरी, तळं, भिंत. तळं आलं की आबा म्हणायचे, "हे तळं कधी झालं? छान झालंय." दिवसातून कितीदा तरी ते तळं नवं व्हायचं. ती कानावर घ्यायची आणि तिलाही वाटायचं, खरंच की, काल नव्हतं.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडी एका मधल्याच स्टेशनात थांबली होती. आबा मागच्या डब्यात, ती पुढच्या केबिनमध्ये, मधे सगळी गाडी. मधल्या एका डब्यातून एक आजीबाई उतरत होत्या आणि त्यांच्या सुटकेसचं चाक डबा आणि फलाट यांच्या फटीत अडकलं. वाघोबा धावला. त्यानं हिसका देऊन चाक सोडवलं, पण त्या हिसक्यानं सुटकेसनंच जीव सोडला. टाळं उडालं आणि आजीबाईंचा संसार फलाटभर झाला.

"अगं बाई! माझे कपडे!"

"थांबा आजी, मी भरतो, मी भरतो!" वाघोबा गुडघ्यांवर बसून मोजे गोळा करायला लागला.

इकडे शेवटच्या डब्यात आबांनी मान वर केली. गाडी थांबून फार वेळ झाला होता. मधलं दार उघडं, पलीकडे केबिन, आणि केबिनमध्ये कुणी नाही. गार्डाविना गाडी उभी! आबा उठले. केबिनमध्ये गेले. दारातून बाहेर वाकून त्यांनी फलाट नीट पाहिला, पार पुढच्या टोकापर्यंत. दारांशी कुणी नव्हतं. एक बाई उभी होती आणि एक जाडा माणूस कपडे वेचत होता. दोघंही गाडीपासून लांब. सिग्नल हिरवा. आबांनी बटण दाबून दारं बंद केली आणि ड्रायव्हरला घंटी दिली. दोन टोले. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ.

तिकडे पुढे तिनं घंटी ऐकली आणि हात आपोआप पुढे गेला. गाडी हलली. आणि मग, चाकांनी एखाददुसरा फेरा घेतला असेल नसेल, तिचा हात ब्रेकवर गेला.

वाघोबा घंटी द्यायचा ती माशी मारल्यासारखी, ठणठण. ही तशी नव्हती. पहिला टोला, मग जरासा दम, मग दुसरा टोला हळू, जणू पहिल्याची माफी मागत. ती लहान असताना ड्यूटीवरून परतलेले आबा दारावर अशीच टकटक करायचे. पहिल्या टकटकीत आई उठायची, दुसरीत ती.

थांबायला हवं होतं. यात शंकाच नाही. गार्ड गाडीत नाही असं नुसतं वाटलं तरी गाडी जागीच उभी करायची, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. हात ब्रेकवर होता. आरशात तिनं पाहिलं: फलाट मागे चालला होता, आणि फलाटावर वाघोबा, एका हातात कुणाचा तरी झगा, तोंड उघडं, मिशांसकट लहान लहान होत चाललेला.

तिनं ब्रेक लावला नाही.

पुढचा टप्पा वळणाचा होता. त्या वळणावर केबिनच्या खिडकीतून मान काढली की आपल्याच गाडीचं शेपूट दिसतं. तिनं पाहिलं. शेवटच्या केबिनच्या दारात आबा उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती, पांढरे केस वाऱ्यावर, एक हात दांडीला. ते रूळ पाहत होते, तारा पाहत होते, नेहमीसारखं मागे जाणारं जग पाहत होते. पाठीला बाक नव्हता. तळं आलं. तळ्यात गाडी उलटी होऊन धावली, तिच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला आबा, मधे रिकाम्या खिडक्यांची माळ, आणि त्या खिडक्यांतून आभाळ आरपार जात होतं. उभ्या जन्मात ते दोघं एका गाडीवर कामाला नव्हते. ती भरती झाली तेव्हा आबा घरी बसले होते. कोण कुणाला घेऊन चाललंय, याचं तिला त्या घटकेला भानच राहिलं नाही. चाकांचा आवाजही लांब गेला. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालत होती, आणि हे वळण संपूच नये असं तिला वाटलं.

वळण संपलं. पुढचं स्टेशन आलं. तिनं गाडी उभी केली. मागे दारं उघडल्याचा आवाज झाला. माणसं उतरली, माणसं चढली. कुणाला काही कळलं नाही. दारं मिटली, आणि पुन्हा ती घंटी आली: एक, मग दुसरी, हळू.

आता मात्र ती उठली. केबिनला कुलूप घातलं, खाली उतरली आणि फलाटावरून मागे चालायला लागली. फलाट एवढा लांब असतो हे तिला त्या दिवशी कळलं. आबा तिला येताना बघत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"अहो, ड्रायव्हर! केबिन सोडून कुठे आलात? सिग्नल मिळालाय!"

"हो," ती म्हणाली. "जरा अडचण आहे."

"काय अडचण?"

तिनं तोंडाला येईल ते सांगितलं. "माझं पाणी संपलं."

"पाणी!" आबा कळवळले. "आधी सांगायचं नाही का?" त्यांनी खिसे चाचपले, जणू तिथे पाणी असणार होतं. मग तिला आपादमस्तक न्याहाळलं. गणवेश पाहिला, बिल्ला पाहिला. "बाई आहात तुम्ही."

"हो."

"आणि गाडी चालवता!"

"हो, आबा."

"फार छान चालवता. वळणावर कप ठेवला असता तर चहा सांडला नसता." ते जवळ आले आणि खाजगीतलं सांगावं तसं म्हणाले, "मला एक मुलगी आहे. लहान आहे अजून. तिला घेऊन येतो एकदा तुमच्याकडे. बघू दे तिला, बायकासुद्धा गाडी चालवतात म्हणून. दाखवाल ना?"

"दाखवेन की," ती म्हणाली.

मागच्या गाडीनं वाघोबा आला. घामानं थबथबलेला, आणि हातात अजून एक मोजा. आजीबाईंना द्यायचा राहिला होता.

"ताई," तो धापा टाकत म्हणाला, "ऐक. मी सांगतो मीच बेल दिली आणि चढताना पाय घसरला. माझ्या अंगाकडे बघून कुणालाही पटेल."

"आणि आबा?"

"आबा कोण? मी नाही ओळखत."

ती हसली. पण चौकशीला बोलावलं तेव्हा तिनं जे झालं ते सांगितलं. खोलीत टेबलामागे एक मॅडम होत्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घंटी वडिलांनी दिली हे कधी कळलं?"

"गाडी हलल्या हलल्या."

"मग थांबवली का नाहीत?"

 वाघोबा मिशीचं टोक चावत बसला होता.

"बाई, मी विचारतेय. ब्रेक नादुरुस्त होता?"

"नाही."

"तुम्ही घाबरलात?"

"नाही. थांबवावीशी वाटली नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "वाटणं आपल्या कामात धरत नाहीत. काही आठवडे घरी बसा. वाघ..." त्यांना आडनाव आठवेना, "तुम्ही, मिशावाले, तुमचं दार यापुढे बंद. आणि वडील. वडिलांनी खुशाल गाडीनं फिरावं, त्यांचा तो हक्क आहे. तुमच्या गाडीनं नाही."

ती उठली तसं मॅडमनी विचारलं, "फलाट पाहिला होता त्यांनी? घंटी देण्याआधी?"

"पूर्ण."

"हं," मॅडम म्हणाल्या. "या आता."

नोकरी वाचली. वाघोबानं फलाटावर येऊन तिला शेंबड्या पोरासारखी मिठी मारली. पण खरी अडचण तशीच होती. हे आठवडे सरतील, मग ती गाडीवर जाईल, आणि आबा? आबांचं काय करायचं?

घरी बसल्यावर तर ते आणखीच उघडं पडलं. दोन खोल्या, वर छप्पर, बाहेर गल्ली. आबा उजाडायच्या सुमाराला तयार होऊन पलंगाच्या कडेला बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवून, खिडकीकडे तोंड करून. समोर पलीकडच्या घराची भिंत होती. ती भिंत काही केल्या मागे जात नव्हती.

"गाडी का हलत नाही?"

"सिग्नल नाहीये, आबा."

"इतका वेळ?"

"पुढे काम चाललंय."

"प्रवाशांना सांगितलंत का?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"वैतागलेत."

"वैतागणारच," आबा म्हणायचे. "मी पण वैतागलोय." आणि थोड्या वेळानं पुन्हा, "गाडी का हलत नाही?"

तिनं पलंग खिडकीशी लावला, दाराशी लावला. गल्लीतून फिरवून आणलं, बागेत नेलं. आबा चालायचे, पण मान खाली. रोजच्या रोज ते बारीक होत चालले होते, अन्नानं नव्हे, आतून. आता ते तळ्याबद्दलही विचारत नव्हते. तिला वाटे, आपण त्यांना गाडीतून नव्हे, जगातूनच उतरवलं.

ड्यूटीवर परतायचा दिवस जवळ आला आणि त्याच सुमाराला एका दुपारी, आबांशेजारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता. दार सताड उघडं.

 चप्पलसुद्धा न घालता ती जिना उतरली आणि धावत सुटली. गल्ली, नाका, स्टेशन. चहावालीला विचारलं, ती नाही म्हणाली. तपासनीसाला विचारलं, त्यानं नुसती मान हलवली आणि स्वतःच रुळांच्या बाजूला पळाला. ती दोन्ही फलाट धुंडाळून आली. एक जलद गाडी न थांबता धडधडत गेली, आणि तिनं आधी वाकून रूळ पाहिले. घरी आले असतील, आलेच असतील, असं पुटपुटत ती परत फिरली. पायाला खडे टोचत होते ते कळतही नव्हतं.

जिन्यावर पाय ठेवणार, तोच खालच्या खोलीतून आवाज आला.

"आता कुठलं?"

"आता कॉलर."

"इथे किती वेळ थांबते?"

"वळवून घेईपर्यंत. धीर धरा जरा."

तिच्या घराखाली शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. एकट्याच. येता-जाता 'काय ग पोरी, बरं आहे ना' इतपतच ओळख, वर्षातून एखाददा पँट उसवली तर ती शिवून घ्यायची तेवढी. दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं.

काकू पायानं चालवायच्या जुन्या मशीनवर बसल्या होत्या. शेजारी मशीनला लागूनच एक लाकडी बाक होता, आणि बाकावर आबा. त्यांचा एक हात मशीनच्या फळीवर होता. मशीन चाललं की फळी थरथरायची, बाक थरथरायचा, जमीन थरथरायची, आणि आबा त्या थरथरीबरोबर किंचित डुलत होते. समोर खिडकी होती. खिडकीसमोरून कापड सुईखाली जात होतं, निळं, लांबच लांब, आणि पलीकडे चुण्या होऊन मागे पडत होतं. आबांचे डोळे त्या निळ्याला लागले होते.

"अगं, ये ये," काकू म्हणाल्या. "वाजवून आले हो. दार वाजवलं, मी उघडलं, तर म्हणाले, 'ही थांबते का सगळीकडे?' मी म्हटलं, सगळीकडे थांबते बाबा, माझ्यासारखी रडत-खडत चालणारी कुणी नाही. तर बसले." त्यांनी दाताखाली दोरा तोडला. "बाही होऊन गेली, दुसरी बाही झाली. खांद्याला जरा जास्त थांबलो."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

"अशी काय बसतेस? पाणी देऊ?"

"मी सगळं स्टेशन पालथं घातलं, काकू."

"मग खाली हाक मारायची की! आम्ही इथेच होतो." मग तिच्या पायांकडे बघून काकू हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून इथेच आणून सोड यांना. उगीच उपकार-बिपकार म्हणू नकोस. दिवसभर या मशीनशी एकटी बोलते मी. वेड लागायची वेळ आली होती. हे निदान विचारतात तरी पुढे काय म्हणून."

"ते तिकीट मागतील तुमच्याकडे."

"मागितलं मघाशी. टेप दाखवली गळ्यातली. म्हणाले, 'स्टाफ का? मग बसा.'"

तिची ड्यूटी सुरू झाली. पहिल्या दिवशी ती स्टेशनागणिक मागे वळून बघत होती. बाक मोकळा होता, त्यावरून उन्हाचा चौकोन सरकत होता, एकटाच. वाघोबानं घंटी दिली ती ठणठण, माशी मारल्यासारखी. दार बंद असल्यामुळे त्यालाही करमत नव्हतं. टोकाच्या स्टेशनावर भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, आज कुणी शिवीच दिली नाही ग." तळं आलं. ते कालचंच तळं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला वाटलं, मला आबांना सोडवत नव्हतं ते आबांसाठी की माझ्यासाठी? उत्तर यायच्या आत तळं मागे गेलं.

संध्याकाळी ती थेट काकूंच्या खोलीत गेली. दिवा लागला होता. काकू कुठल्यातरी पडद्याची लांबच लांब कड दुमडून शिवत होत्या, बाकावर आबा. ती दारात उभी राहिली. आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओळख काही दिसली नाही त्यांच्या डोळ्यांत. पण डोळे निवळलेले होते.

"उभ्या का बाई? या, बसा. रिकामीच आहे गाडी."

ते खिडकीकडे सरकले. ती त्यांच्या शेजारी बसली. बाक मऊ थरथरत होता. इतकी वर्षं गाडीत काढली, पण असं कुणाच्या शेजारी, काही न करता, ती कधी बसली नव्हती.

"लांबून आलात?"

"हो. फार लांबून."

"दमलेल्या दिसता. झोपा थोडा वेळ."

"झोप लागली तर पुढे निघून जाईन."

"अशा कशा जाल?" आबा म्हणाले. "मी आहे ना. तुमचं स्टेशन आलं की उठवतो."

"तुम्हाला माहीत आहे माझं स्टेशन?"

आबांनी थोडा विचार केला. मग फार शांतपणे म्हणाले, "आलं की कळेल."

तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. त्यांनी ते टेकू दिलं. कड संपली होती. काकूंनी पडदा काढून घेतला, दोरा तोडला, दोघांकडे एकदा पाहिलं. आणि सुईखाली काही नसताना, पाय मात्र तसेच हलवत ठेवले.